मिरजेच्या मावशीचा भाचा आणि बारा युरोंचं तिकीट

म्युनिकला येऊन मला तीन आठवडे झाले होते. ऑक्टोबर 2022. त्या उन्हाळ्यात जर्मनीत जून ते ऑगस्ट नऊ युरोंत महिनाभर देशभर लोकल गाड्यांनी फिरता येत होतं. जुने विद्यार्थी त्याच्या आठवणी अशा काढायचे की ऐकून चिडचिड व्हायची, कारण आम्ही पोचलो तेव्हा ती योजना संपली होती. विद्यापीठाचं ओळखपत्र शनिवार-रविवारी दिवसभर तिकीट म्हणून चालायचं, पण म्युनिक आणि आसपासच्या पट्ट्यातच. त्यापलीकडे खिशात हात.

मला आणि माझ्या नागपूरच्या रूममेटला साल्झबुर्ग बघायचं होतं. ते ऑस्ट्रियात असलं, तरी म्युनिकहून लोकल गाडीने दोनेक तासांवर आहे. शनिवारी सकाळी सातलाच आम्ही मुख्य स्टेशनात लाल मशीनसमोर उभ्या होतो. मशीनला इंग्रजी येतं, पण ते तिकिटांचे सतरा प्रकार दाखवतं आणि मागे रांग वाढत जाते.

"साल्झबुर्ग का?" मागून प्रश्न आला. मराठीत.

तिशीतला मुलगा, पाठीवर सॅक, हातात कॉफी. आमचं बोलणं त्याने ऐकलं असणार. कुठल्या तुम्ही, सांगली? अरे वा, मिरजेला माझी मावशी असते. मावशी ऐकल्यावर आपण पुढचं काही विचारत नाही.

त्याने बायर्न तिकीट समजावून सांगितलं. दिवसभराचं, बव्हेरियातल्या, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथल्या, सगळ्या लोकल गाड्यांत चालतं, साल्झबुर्गपर्यंतही. पहिल्या माणसाचे पैसे जास्त, पुढच्या प्रत्येकाचे थोडे, असे पाच जण. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी चालत नाही, पण आज शनिवार, त्यामुळे बिनधास्त. आयसीई या जलद गाडीत मात्र चुकूनही चढू नका. "माझ्या तिकिटावर दोन जागा आहेत, माणशी बारा युरो द्या."

यातला शब्द न् शब्द खरा होता. फसवणूक म्हटलं की आपल्याला थापाड्या माणूस डोळ्यासमोर येतो. याने नियम पाठ केले होते. घरी जाऊन तपासलं असतं तरी सगळं जुळलं असतं. जुळलं नसतं ते एवढंच, की तो माणूस आमच्याबरोबर प्रवास करणार नव्हता.

आम्ही चोवीस युरो रोख दिले. तेव्हा युरो साधारण ऐंशी रुपयांना होता आणि आम्ही प्रत्येक कॉफीचा मनात गुणाकार करायचो. पाचात वाटलेलं तिकीट म्हणजे पैसे वाचवल्याचा आनंदच. त्याने छापील तिकीट दाखवलं, पण हातात दिलं नाही. गाडीत गर्दी आहे, जागा मिळेल तिथे बसा, तिकीट तपासनीस आला की मला हाक मारा, मी पुढच्या डब्यात आहे, म्हणाला. आम्हाला खिडकी मिळाली, आम्ही खूश.

पुढचं स्टेशन म्युनिक ओस्ट, दहा मिनिटांवर. तो तिथेच उतरला असावा. आम्ही तेव्हा फोटो काढत होतो.

रोझेनहाइम सोडल्यावर तपासनीस बाई आल्या. "फार्कार्टेन, बिट्टे." म्हणजे तिकिटं दाखवा. रूममेट त्याला शोधायला पुढच्या डब्यात गेली आणि एकटीच परत आली. मग कळलं, त्या गाडीत त्याचीच वाट बघणारे आणखी पाच जण होते. दोन स्पॅनिश मुली, एक व्हिएतनामी मुलगा आणि एक वयस्क जोडपं. पाच जणांच्या तिकिटावर सात जागा विकल्या होत्या. त्या जोडप्याला त्याने कुठली मावशी सांगितली असेल देव जाणे.

बाई उद्धट नव्हत्या. या तिकिटावर प्रवाशांची नावं लिहायला जागा असते, तुमची नावं लिहिली होती का, एवढंच त्यांनी विचारलं. नव्हती. प्रवास सुरू झाल्यावर त्यात नवा माणूस घालताही येत नाही. ओळखपत्र दाखवून पाहिलं, पण त्याची हद्द केव्हाच मागे पडली होती. माणशी 60 युरो दंडाची चिठ्ठी हातात आली, पासपोर्टवरून नाव उतरवून घेतलेलं. गुणाकार न करता आकडा डोक्यात आला, चार हजार आठशे.

आम्ही प्रीनला उतरलो. जवळच कीमझे तळं आहे, सुंदर आहे म्हणतात. आम्ही स्टेशनच्या बाकावर बसून पोळी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. परत येताना मशीनमधून दोघींचं बायर्न तिकीट स्वतः काढलं आणि पेनाने दोघींची नावं लिहिली. चार मिनिटांचं काम.

मला पैशांपेक्षा व्हिसाची धास्ती होती. विनातिकीट प्रवास जर्मनीत गुन्हाही ठरू शकतो, पुन्हापुन्हा सापडलात तर प्रकरण कोर्टापर्यंत जातं. शेजारच्या जर्मन मुलीने सांगितलं, आधी दंड मुदतीत भर, भांडण नंतर. भरला. मग तिच्या मदतीने दंड माफ करा म्हणून पत्र लिहिलं. नम्र नकार आला. मुख्य स्टेशनातल्या पोलिसांकडे तक्रारही नोंदवली. त्यांनी वर्णन लिहून घेतलं, भाषा विचारली. मराठी म्हटल्यावर तो शब्द मी अक्षर-अक्षर सांगितला.

आता मे 2023 पासून डॉइचलांडटिकीट आहे, देशभर लोकल गाड्यांत चालणारं महिन्याचं तिकीट. सुरुवातीला महिना 49 युरो होतं, 2025 मध्ये 58 होतं. साल्झबुर्गपर्यंत तेही चालतं. त्यामुळे स्टेशनातले भागीदार कमी झाले असतील, पण "माझं अर्ध्या महिन्याचं उरलंय, स्क्रीनशॉट पाठवतो" म्हणणारे आलेत. ते तिकीट एकाच माणसाच्या नावावर असतं, तपासनीस ओळखपत्र मागतात, आणि स्क्रीनशॉटला कुणी विचारत नाही. स्वतः घेतलंत तर तो दर महिन्याला आपोआप पैसे कापणारा करार असतो. पुढचा महिना नको असेल तर चालू महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करा. बायर्न तिकीट वाटून घेणं रास्तच आहे, आम्ही अजूनही घेतो. फक्त ओळखीच्या माणसांत, निघण्याआधी नावं लिहून, एकाच डब्यात बसून.

आमच्या तक्रारीबद्दल त्यानंतरच्या फेब्रुवारीत सरकारी वकिलाच्या कार्यालयाचं पत्र आलं होतं. आरोपी अज्ञात असल्याने तपास थांबवला आहे. ते पत्र आणि दंडाची चिठ्ठी एकाच फाइलमध्ये आहे. आईला मात्र गेलेले पैसे अजून बारा युरोच सांगितलेत.