मेंदूच्या कॅप्सुली, धातूची दांडी आणि १८,६०० रुपये

सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत ‘मोफत मेंदू तपासणी शिबीर’ भरलं. ७१ वर्षांचे एक काका सहज डोकावले आणि तीन महिन्यांच्या कॅप्सुलींचे १८,६०० रुपये भरून घरी आले. या लोकांची पद्धत ठरलेली असते, म्हणून ती तपशिलात सांगतो. घरात ज्येष्ठ मंडळी असतील त्यांनी जरूर वाचावं.

आधी दहा शब्द भराभर वाचून दाखवले. हॉलमध्ये गोंगाट, त्यात काकांचं श्रवणयंत्र घरी राहिलेलं. चारच शब्द आठवले. मग हातात धातूची दांडी दिली, लॅपटॉपवर वय, उंची, वजन भरलं आणि मिनिटभरात रंगीत रिपोर्ट आला: ‘मेंदूच्या पेशींची झीज ६२ टक्के’. तळहाताच्या कातडीतून किती वीज वाहते, यापलीकडे त्या दांडीला काही कळत नाही. मेंदू आकसलाय का हे बघायला एमआरआय काढतात, आणि त्याचाही अर्थ न्यूरॉलॉजिस्टने पेशंटला तपासून लावायचा असतो. दांडी धरून पेशी मोजता येत नाहीत.

महिन्याने पुन्हा चाचणी झाली, ती तेच दहा शब्द घेऊन, शांत खोलीत, सावकाश वाचून. आठ आठवले. ‘बघा, गुण आला!’ तीच यादी दुसऱ्यांदा ऐकली की कुणालाही जास्त आठवतं. म्हणूनच नीट तपासणी करणारे दर वेळी यादी बदलतात.

माहितीपत्रकातलं संशोधन मात्र सगळंच खोटं नव्हतं, आणि शिकलेली माणसं नेमकी तिथेच अडकतात. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या बशीत मेंदूच्या पेशींना जपतं, अल्झायमरमध्ये साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाच्या गुठळ्या होऊ देत नाही, हे खरं आहे. पण बशीतल्या पेशीवर ते थेट ओतलेलं असतं. पोटात गेलेलं बहुतेक आतड्यात आणि यकृतातच निकामी होतं. मिरीतल्या पिपरिनमुळे ते रक्तात २० पट उतरतं, असं १९९८ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. तरी रक्तात उतरलं म्हणजे मेंदूत पोचलं असं होत नाही. शिवाय पिपरिन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं, आणि अशा कॅप्सुलींनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत.

आता डबा हातात घेऊन बघा. काकांच्या डब्यावर लिहिलं होतं ‘संयुक्त मिश्रण ७५० मि.ग्रॅ.’, खाली ११ वनस्पतींची नावं, आणि कुणाचंही वेगळं प्रमाण नाही. डोस दिवसाला एक. ब्राह्मीच्या बहुतेक चाचण्यांत प्रमाणित अर्क रोज ३०० मि.ग्रॅ., निदान १२ आठवडे दिलेला असतो. फरक दिसला तो आठवण्यात थोडासा, तोही बहुतांशी निरोगी माणसांत. गिंको या झाडाच्या पानांचा अर्क अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत रोज २४० मि.ग्रॅ. दिला होता. या दोघांतच ५४० मि.ग्रॅ. गेले, उरलेल्या २१० मध्ये नऊ वनस्पती बसवायच्या. त्यात हळद अर्काऐवजी पूड असेल तर आणखी वाईट: पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे ५०० मि.ग्रॅ. पुडीत जेमतेम १५ मि.ग्रॅ. आमटीतल्या चमचाभर हळदीत त्याच्या कितीतरी पट असतं.

गिंकोच्या त्या चाचणीत ३,०६९ ज्येष्ठ होते, सुमारे सहा वर्षं गोळ्या चालल्या, आणि २००८ साली निष्कर्ष छापून आला की स्मृतिभ्रंश टळला नाही. माहितीपत्रकात गिंकोचं नाव ठळक होतं, हा निष्कर्ष कुठेच नव्हता.

ब्राह्मीच्या नावाखाली आपल्याकडे बऱ्याचदा गोल पानांची मंडूकपर्णी मिळते. ३०० मि.ग्रॅ.चा हिशोब बाकोपा मोनिएरीचा, म्हणजे खऱ्या ब्राह्मीचा आहे, सेंटेला एशियाटिकाचा, म्हणजे मंडूकपर्णीचा नाही. तेव्हा लेबलवर शास्त्रीय नाव, अर्क की चूर्ण आणि बॅकोसाइडची (ब्राह्मीतल्या मुख्य घटकाची) टक्केवारी यांतलं एकही कमी असेल तर डबा खाली ठेवा.

एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक १४ अंकी असतो. तो फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर टाकला की परवानाधारकाचं नाव-पत्ता दिसतो. काकांच्या डब्यावरचा टाकला तर एका फरसाणवाल्याचं नाव आलं. परवाना खरा निघाला तरी त्याने गुण सिद्ध होत नाही. मेंदूचा आजार बरा करतो अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे.

सर्वांत संतापजनक गोष्ट पुढे आहे. ‘शरीरशुद्धीसाठी ४० दिवस इंग्रजी गोळ्या बंद’ असं काकांना सांगितलं होतं. ते मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रक्त पातळ करणारी गोळी घेत होते. ती दुसरी गोळी मनाने बंद केली तर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. चालू ठेवून वर गिंको घेतलं तर रक्तस्रावाचा धोका. मुलीने वेळीच डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा बी-१२ फार कमी निघालं. शाकाहार आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन असेल तर हे वारंवार दिसतं. विसरायला होत असेल तर पहिल्याच भेटीत बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम, ऐकू येणं, झोप आणि नैराश्य यांची चौकशी व्हायला हवी. यातलं बरंच काही उपचारांनी सुधारतं, आणि कॅप्सुलींच्या नादात हेच महिने वाया जातात.

पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात गेले होते आणि पावतीवर ‘सभासद वर्गणी’ लिहिलं होतं, म्हणजे पुढे ‘आम्ही काही विकलंच नाही’ म्हणायला मोकळे. अशी पावती घेऊच नका. बिलावर मालाचं नाव, बॅच क्रमांक आणि विक्रेत्याचा पत्ता मागा. फसला असाल तर डबा फेकू नका. उरलेल्या कॅप्सुली, लेबलचे चारही बाजूंचे फोटो, पत्रक, रिपोर्ट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

तक्रारीनंतर काकांना ‘रिफंड विभागातून’ फोन आला: लिंक उघडा, पिन टाका, पैसे परत येतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फोन तिथेच कापायचा. पिन टाकला गेलाच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला कळवायचं.