दोन डीएनएस सर्व्हरचे बिल, प्रत्यक्षात यंत्र एकच

सर्व्हर क्लस्टरची (एकत्र काम करणाऱ्या संगणकांच्या समूहाची) उभारणी बाहेरच्या कंत्राटदाराकडे सोपवणाऱ्यांनी हा अनुभव जरूर वाचावा, कारण आमची फसवणूक ज्या रीतीने झाली ती रीत कोणालाही सहज वापरता येण्याजोगी आहे. एक डीएनएस सर्व्हर (नावावरून यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता सांगणारा) बंद पडला तरी सर्व नोड, म्हणजे क्लस्टरमधील संगणक, एकमेकांना नावाने शोधू शकतील, यासाठी दोन स्वतंत्र सर्व्हर उभारून देण्याचे एका पुरवठादाराने लेखी मान्य केले होते आणि दोहोंच्या देखभालीचे बिल तो वेगवेगळे लावत होता.

काम ताब्यात देताना त्याच्या अभियंत्याने आमच्यासमोर डीएनएस सेवा बंद केली आणि एका नोडवरून दुसऱ्याला नावाने पिंग करून, म्हणजे तो उत्तर देतो का हे तपासणारा संदेश पाठवून, दाखवले. उत्तर तत्काळ आले.

पुढे एक नोड बदलला, त्याला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा अंकी पत्ता) मिळाला आणि डीएनएसमधील नोंदही दुरुस्त झाली. तरीही कामे जुन्याच पत्त्याकडे जात राहिली. एकाच नोडवर ‘डिग’ ही आज्ञा नवा पत्ता दाखवत होती, तर ‘गेटएंट होस्ट्स’ ही आज्ञा जुना. डिग थेट डीएनएस सर्व्हरला विचारते. गेटएंट मात्र बहुतेक प्रोग्रॅमप्रमाणे नाव आधी कुठे शोधायचे हे ठरवणाऱ्या एनएसस्विच फाइलमधला क्रम पाळते आणि त्यात सहसा आधी स्थानिक होस्ट्स फाइल (त्याच यंत्रावर ठेवलेली नावे व पत्त्यांची यादी), मग डीएनएस असते. प्रत्येक नोडच्या होस्ट्स फाइलमध्ये सगळ्यांची नावे आम्हाला न सांगता लिहून ठेवलेली निघाली. लहान क्लस्टरमध्ये अशी फाइल ठेवणे ही चांगली सोय आहे, यात वाद नाही. परंतु तिच्या जोरावर दाखवलेले प्रात्यक्षिक ही निखालस लबाडी होती, कारण त्या वेळी डीएनएसला कोणी काही विचारलेच नव्हते.

मग आम्ही एआरपी तक्ता, म्हणजे कोणता आयपी कोणत्या नेटवर्क कार्डाचा आहे याची नोंद, पाहिला. दोन्ही डीएनएस पत्त्यांसमोर एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) होता, म्हणजे दुसरा सर्व्हर हा पहिल्याच यंत्राच्या नेटवर्क कार्डाला दिलेला जादा आयपी होता. लिनक्सचा रिझॉल्व्हर (नावाचा पत्ता शोधणारा भाग) मूळ सेटिंगनुसार प्रत्येक सर्व्हरच्या उत्तरासाठी ५ सेकंद थांबतो आणि सगळ्यांकडे मिळून २ फेऱ्या करतो. त्यामुळे ते एक यंत्र गोठले असते तर होस्ट्स फाइलमध्ये नसलेल्या प्रत्येक नावासाठी २० सेकंदांपर्यंत खोळंबा होऊन शेवटी अपयशच हाती आले असते.

‘ही तात्पुरती व्यवस्था होती’ असा खुलासा पुरवठादाराने केला; बिलांत मात्र तसा उल्लेख कुठेही नाही. उरलेली रक्कम आम्ही रोखली असून दिलेल्या पैशांचा परतावा मागितला आहे.

असे काम ताब्यात घेताना होस्ट्स फाइलमध्ये नसलेले नाव स्वतः निवडावे, आधी एक व नंतर दुसरे यंत्र प्रत्यक्ष बंद करायला लावावे आणि दोन्ही वेळा गेटएंटने तपासावे. मॅक पत्ते वेगळे असणे पुरेसे नाही, कारण दोन व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेली आभासी यंत्रे) एकाच भौतिक यंत्रावरही असू शकतात. म्हणून ती कोणत्या यंत्रांवर आहेत हेही करारात लिहून घ्यावे.