पारो त्सेचूची भूतान सहल: सगळं छान, फक्त तारीख एक दिवस चुकलेली

दादरच्या एका टूर कंपनीची सहा रात्रींची भूतान सहल. थिंफूत दोन रात्री, पुनाखात एक, पारोत तीन, आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत 'पारो उत्सवासह'. हॉटेलं स्वच्छ, गाडी ऐसपैस, भूतानी गाईड हिंदी बोलणारा आणि जाणकार. तरीही पाचपैकी अडीच गुण. ज्या उत्सवाच्या नावावर बुकिंग घेतलं, त्याची सगळ्यात मोठी पहाट कार्यक्रमातच नव्हती.

पारो त्सेचू हा पारोतला मुखवटे घालून नाचायचा बौद्ध उत्सव पाच दिवसांचा असतो, भूतानी दुसऱ्या महिन्याच्या अकराव्या तिथीपासून पौर्णिमेपर्यंत. पहिल्या दिवसाचे नाच रिनपुंग झोंगच्या (झोंग म्हणजे किल्लेवजा मठ) आतल्या चौकात होतात, पुढचे चार दिवस बाहेरच्या मैदानात. शेवटच्या दिवशी अंधार असतानाच थोंगद्रोल उघडतात. अख्खी भिंत झाकणारं हे गुरू पद्मसंभवांचं चित्र रंगवलेलं नसतं, रेशमाचे तुकडे एकमेकांवर शिवून केलेलं असतं. गुंडाळी दोरांनी वर चढते, लांब कर्णे घुमतात, खाली लोण्याचे दिवे. मग माणसं रांगेने पुढे जाऊन चित्राची खालची किनार कपाळाला लावतात. थोंगद्रोल म्हणजे नुसत्या दर्शनाने मुक्ती. उन्हाने रेशीम विटतं, म्हणून थेट किरण पडायच्या आत ते परत गुंडाळलं जातं.

त्या दिवशी कंपनीच्या पत्रकात काय होतं? आठला नाश्ता, नऊला ताक्त्सांग या कड्यावरच्या मठाकडे प्रयाण. उत्सवाच्या वाट्याला आदल्या दिवशीचे दुपारचे दोन तास.

वाईट याचं वाटतं की दुरुस्ती बिनखर्चाची होती. ही सहल दहाव्या तिथीला पारोत उतरली आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी परतली. तीच सहल, त्याच क्रमाने, एक दिवस उशिरा निघाली असती तर चौदाव्या तिथीला पुनाखाहून पारोत मुक्काम, पौर्णिमेला थोंगद्रोल आणि दुपारपर्यंत नाच, मग झोप, सोळाव्याला ताक्त्सांग, सतराव्याला विमान. एकही रात्र वाढली नसती. म्हणून कुठल्याही कंपनीशी बोलताना आधी कॅलेंडरात त्या वर्षीच्या उत्सवाची पौर्णिमा बघा. २०२४ मध्ये उत्सव २१ ते २५ मार्च होता, म्हणजे शेवटचा दिवस आपल्या धुळवडीचा. २०२५ मध्ये ८ ते १२ एप्रिल, शेवटचा दिवस हनुमान जयंतीचा. परतीचं विमान पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी असेल तरच पैसे भरा.

थोंगद्रोल आणि ताक्त्सांग एकाच दिवशी करू म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ताक्त्सांग समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१२० मीटरवर, दरीच्या तळापासून जवळपास ९०० मीटर उंच. जाऊन-येऊन पाच-सहा तास लागतात. घोडा मिळतो तो फक्त चढताना, तोही अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियाच्या आसपासपर्यंत, उतरणं पायीच. गुडघे दुखतात ते उतरताना, म्हणून काठी घ्याच. पहाटे अडीचला उठलेल्या साठीच्या माणसाला हे झेपत नाही. मठाच्या दाराशी मोबाईल आणि बॅगा जमा कराव्या लागतात.

पहाटेच्या थंडीबद्दल कंपनीने 'हलका स्वेटर' असं सांगितलं होतं. पुरत नाही. पारो २,२०० मीटरवर आहे आणि मार्चच्या पहाटे तिथे मुंबईकराचे दात वाजतात. झोंगच्या आवारात टोपी काढावी लागते, त्यामुळे कानटोपीवर भिस्त नको: आतून थर्मल, मोज्यांचे दोन जोड, आणि जमिनीवर बसायला जाड चटई. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट किंवा लांब कुर्ता. छत्री उघडायची नाही, देवळाच्या आत फोटो नाहीत.

गाईडचे गुण मात्र पूर्ण द्यायला हवेत. रक्षा मांगछाम हा मेलेल्यांच्या न्यायनिवाड्याचा नाच. त्यातला शिंजे म्हणजे आपला यम, तराजूत पांढरे-काळे खडे. हे त्याने नाच सुरू व्हायच्या आधी समजावलं, त्यामुळे पुढचा लांबलचक नाच कंटाळवाणा झाला नाही. लाल मुखवट्याचा, थट्टामस्करी करणारा आत्सारा कोकणातल्या नमन-खेळ्यांचा संकासूर ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच ओळखीचा वाटेल. आत्सारा हा शब्दच मुळी 'आचार्य'वरून आलाय.

जेवणात निराशा. रोज पनीर, डाळ, जिरा राइस. एमा दात्शी सहा दिवसांत एकदाही ताटात आली नाही. यात मिरची हीच भाजी असते, चीजमध्ये शिजवलेली. लहान मुलांसाठी बटाट्याची केवा दात्शी सौम्य. लाल भातासोबत दोन्ही उत्तम लागतात आणि शाकाहारी आहेत. आधी सांगितलं तर बहुतेक हॉटेलं करून देतात.

पैशांचं: भारतीयांना शाश्वत विकास शुल्क माणशी रात्रीला १,२०० रुपये, म्हणजे सहा रात्रींचे ७,२००. सहा ते बारा वयाला निम्मं, सहाच्या आतल्यांना माफ. कंपनीने हे शेवटच्या पानावर 'इतर शासकीय शुल्क' म्हणून घातलं होतं. ते आणि झोंग-मठांची प्रवेश तिकिटं धरून एकच आकडा लेखी मागा. टीसीएस (परदेशी सहलीवर कंपनी आधीच वसूल करते तो कर) वेगळा लागला तर पावती जपा, विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो.

आधार कार्ड चालत नाही. मूळ मतदार ओळखपत्र किंवा सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट लागतो. मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला इंग्रजीत हवा. पालिकेचा जुना दाखला नुसता मराठीत असेल तर नवा आधीच काढून ठेवा.

शेवटचं, विमानाचं. पारोत विमानं फक्त दिवसाउजेडी, डोळ्यांनी दरी बघत उतरतात. हवा बिघडली की उड्डाण लांबतं. कंपनीने दिल्लीत मुंबईच्या विमानासाठी अडीच तास ठेवले होते, तेही वेगळ्या तिकिटावर, म्हणजे सामान घेऊन पुन्हा चेक-इन. किमान सहा तास मागा. जाताना दिल्लीहून निघालात तर डावीकडची खिडकी घ्या, हिमालय त्याच बाजूला दिसतो.