स्टॅम्प आधी घ्यावेत की स्टेन्सिल?

दिवाळी-संक्रांतीला हातानं केलेली मिक्स्ड मीडिया (रंग, पेस्ट, कागद यांचे थर चढवलेली) कार्डं द्यायची ठरवलीत आणि खिशाचा विचार करून सुरुवात एकाच गोष्टीनं करायची असेल, तर हा प्रश्न येतोच. जेसो (रंगाखाली द्यायचं पांढरं अस्तर), ॲक्रिलिक रंग, 300 जीएसएमचा म्हणजे जाड कागद दोन्हीकडे लागतो, त्यात शिरत नाही. मी दोन्ही वापरतो. हात कुठे जास्त वळतो ते सांगतो.

बारीक रेघेला स्टॅम्पशिवाय पर्याय नाही. पानाच्या शिरा किंवा पिसाची एकेक काडी स्टेन्सिलमधून निघत नाही. मराठी मजकुराचं तर विचारूच नका. स्टेन्सिल कापताना 'ब', 'व' यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. तो धरून ठेवायला मध्ये पट्ट्या सोडाव्या लागतात आणि अक्षर तुटकं दिसतं. क्राफ्टच्या दुकानातले तयार स्टॅम्प बहुतेक इंग्रजी, म्हणून 'शुभ दीपावली' मी नागपुरात, सीताबर्डीत ऑफिसचे शिक्के बनवणाऱ्याकडून रबरात करून घेतलं. छान उमटतं.

माझं घोडं अडतं ते पार्श्वभूमीवर. मिक्स्ड मीडियात कागद सपाट राहतच नाही. जेसोचे फराटे, मॉडेलिंग पेस्टचा (वाळून घट्ट होणाऱ्या जाड लेपाचा) उंचवटा, चिकटवलेल्या वर्तमानपत्राची कड असं सगळं खाली असतं. त्यावर स्टॅम्प दाबला की उंच भागावर शाई बसते, खोलगट भाग कोरा राहतो. फुलाची एक पाकळी ठसठशीत, शेजारची गायब. पुन्हा दाबावं तर ठसा केसभर सरकतो आणि दुहेरी रेघ येते. स्टॅम्प बहुधा शेवटी मारतात, म्हणजे दोन संध्याकाळी घालवून केलेल्या थरांवर. खाली फोमचा तुकडा ठेवून थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण पारदर्शक स्टॅम्प ब्लॉकला (हातात धरायच्या ठोकळ्याला) लावून दाबताना दर वेळी जी धाकधूक होते, तिनंच माझा निर्णय केला.

स्टेन्सिलला ही भीती नाही. जवळजवळ कोरड्या स्पंजनं, टिपत टिपत रंग लावला की तो खाचेतही पोचतो आणि उंचवट्यावरही. कुठे फिका पडला तर स्टेन्सिल न हलवता तिथेच पुन्हा टिपायचं. रंग ओला असेल तर ओल्या फडक्यानं पुसता येतो, वाळला तर वर जेसो. स्पंज ओला असला की मात्र रंग कडेखाली झिरपतो. रंग घेतल्यावर तो आधी रद्दीवर टिपून घ्यावा.

दुसरं म्हणजे आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की ॲक्रिलिक बघता बघता वाळतं, आणि एकदा वाळलं की पाण्यात विरघळत नाही. स्टॅम्पवर लावलेला रंग कागदापर्यंत नेईतो सुकायला लागतो आणि बारीक रेघांत जाऊन बसतो. स्टेन्सिलवर वाळला तर फारसं बिघडत नाही, सपाट प्लास्टिकवरून नंतर खरवडता येतो. पॉलिमरचे पारदर्शक स्टॅम्प खिडकीच्या उन्हात राहिले तर पिवळे पडतात, तेही आहेच. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मॉडेलिंग पेस्ट मात्र हीट गनशिवाय (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राशिवाय) सुकते. पावसाळ्यात तीच रात्रभर ठेवावी लागते. घाईनं हीट गन धरली तर जाड थराला फोड येतात.

स्टेन्सिल महागडेच हवेत असंही नाही. दिवाळीच्या तोंडावर महाल-इतवारीत मिळणाऱ्या रांगोळीच्या छाप्यांतला जाळी नसलेला, सपाट छापा बघा. क्राफ्टच्या स्टेन्सिलपेक्षा तो जाड असतो, त्यामुळे त्यातून पेस्ट ओढली की नक्षी चांगली उठून येते. कड तितकी नेमकी येत नाही, पण पार्श्वभूमीला चालते.

तुम्ही पांढऱ्या, सपाट कागदावर स्वच्छ काम करणारे असाल किंवा एम्बॉसिंग पावडरची (ओल्या ठशावर टाकून तापवली की नक्षी उठवणाऱ्या पुडीची) हौस असेल, तर स्टॅम्पच घ्या. तिथे स्टेन्सिल फिका पडेल. थरांवर थर चढवायचे असतील, तर मी म्हणेन, दोन-तीन स्टेन्सिल आणि मजकुरापुरता एक रबरी शिक्का. तोही थेट कार्डावर न मारता वेगळ्या कोऱ्या पट्टीवर उमटवा आणि पट्टी चिकटवा. उमटला नाही तर पट्टी बदलायची.