‘वॉकिंग टॉल’: 1973चा बघावा की 2004चा?

या नावाचे हॉलिवूडचे दोन सिनेमे, गोष्ट दोन्हीकडे तीच. धिप्पाड गडी बऱ्याच वर्षांनी गावी परततो, जुगाराच्या अड्ड्यावरची लबाडी पकडतो, त्याला चाकूने सोलून रस्त्याकडेला फेकून देतात. बरा झाल्यावर तो हातात सोटा घेऊन पुन्हा अड्ड्यावर जातो, खटल्यातून सुटतो आणि चक्क शेरीफ होतो. शेरीफ म्हणजे आपल्या एसपीसारखा नेमलेला अधिकारी नव्हे, काउंटीतले, म्हणजे जिल्ह्यातले, लोक त्याला मतं देऊन निवडतात. म्हणून हे जमतं.

वेळ कमी असेल तर 2004चा. दीड तासाच्या आत आटोपतो. ड्वेन जॉन्सन आहे, सोबतीला जॉनी नॉक्सव्हिलचा चावटपणा. शेरीफ झाल्याझाल्या सगळ्या पोलिसांना घरी पाठवतो, तिथे शिट्टी मारावीशी वाटते. पण भीती म्हणून वाटत नाही. हा गडी हरणार नाही, हे पहिल्या पाच मिनिटांतच कळतं.

फिल कार्लसनचा 1973चा सिनेमा दोन तासांच्या वर जातो. मधे घरगुती प्रसंगांत रेंगाळतो, थोडा रडकाही आहे. पण यातला नायक, नट जो डॉन बेकर, मार खातो तेव्हा तो मार आपल्याला लागतो. कोर्टात तो शर्ट फाडून अंगावरचे व्रण ज्युरीला दाखवतो, तेव्हा शरीरसौष्ठव वगैरे काही दिसत नाही, दिसतं ते शिवलेलं मांस. शेवटाकडे तर चेहराभर प्लास्टर, तशात तो गाडी थेट अड्ड्याच्या दारात घालतो.

माझं मत कालपरवापर्यंत सरळ 1973ला होतं. आता जरा अडखळतो. तो सिनेमा टेनेसीतल्या मॅक्नेरी काउंटीच्या खऱ्या शेरीफवर, ब्यूफर्ड पसरवर बेतलेला. 12 ऑगस्ट 1967 रोजी त्याची बायको पॉलिन गोळीबारात मेली, तोही जबर जखमी झाला. दबा धरून बसलेल्या मारेकऱ्यांचं काम, असं त्याने सांगितलं. सिनेमाचा सगळा संताप त्या हल्ल्यावर उभा आहे. ऑगस्ट 2025मध्ये तिथल्या तपास यंत्रणेने जाहीर केलं की पुरावे पसरनेच तिला मारल्याकडे बोट दाखवतात. तो 1974मध्येच मोटार अपघातात गेला, त्यामुळे खटला होणं नाही.

गंमत बघा, 2004वाल्यांनी नायकाचं नाव बदललं, गाव टेनेसीतून उचलून वॉशिंग्टन राज्यात नेलं आणि बायकोचं पात्रच काढून टाकलं. तेव्हा मला ती पळवाट वाटली होती. आज तोच सिनेमा निवांत मनाने बघता येतो.

तरी एकट्याने बघायचा तर मी जुनाच लावेन, पॉलिनकडे नीट लक्ष ठेवून. तेरा-चौदा वर्षांचं पोर सोबत असेल तर मात्र नवा लावा. जुन्यातला रक्तपात त्यांच्यासाठी नाही.