अलार्मच्या फोनलाइनवर रेडिओ ऐकू येतो: फिल्टर लावावा, वायरिंग बदलावी की सिमकार्डवर जावं?

हडपसरला आकाशवाणीच्या प्रक्षेपकाजवळ किंवा मालाडच्या मालवणीत राहणाऱ्याला लँडलाइनमध्ये मागे बातम्या ऐकू आल्या तर फारसं नवल वाटत नाही. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर, आणि दोन्ही प्रक्षेपक १०० किलोवॅटचे. बोलणारा माणूस मागची कुजबुज सोडून देतो आणि आपलं बोलणं पुढे नेतो. त्याच लाइनवर घरफोडीचा अलार्म असेल तर मात्र असं सोडून देता येत नाही. अलार्मच्या मुख्य पेटीला, म्हणजे पॅनेलला, कान असतात, तारतम्य नसतं.

पॅनेल लाइन ताब्यात घेतं, डायल टोन शोधतं, नंबर लावतं आणि मग अलार्म कंपनीच्या नियंत्रण कक्षाकडून येणाऱ्या १४०० आणि २३०० हर्ट्झच्या दोन छोट्या सुरांची वाट पाहतं. अलार्मचा निरोप पाठवायची कॉन्टॅक्ट आयडी पद्धत अशी चालते. त्याच वेळी निवेदिकेचा आवाज त्या सुरांवर चढला की पॅनेलला सूर ओळखता येत नाहीत. ते पुन्हा पुन्हा फोन लावतं आणि शेवटी कीपॅडवर ‘कम्युनिकेशन फेल’ दाखवून गप्प बसतं. साठवलेल्या नंबरांना रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवणारा साधा ऑटो-डायलर इतका नाजूक नसतो. त्याला समोरून उत्तराचे सूर लागत नाहीत, पण डायल टोन ओळखण्यात तोही चुकू शकतो.

यावर तीन मार्ग आहेत: फिल्टर किंवा फेराइट (रेडिओलहर अडवणारी काळी चुंबकीय कडी) लावणं, घरातली टेलिफोन वायरिंग नीट करणं, आणि तांब्याची लाइन सोडून सिमकार्ड किंवा इंटरनेटवर जाणं. अलार्म बसवणारे बहुतेक वेळा तिसरा मार्ग आधी सुचवतात, कारण त्यात नवं यंत्र विकलं जातं. माझं मत उलट आहे. रेडिओ नेमका कुठून शिरतोय हे कळल्याशिवाय पैसे काढूच नयेत.

आधी दहा मिनिटांची तपासणी

लाइन घरात येते तिथे, म्हणजे रोझेटवर, आतली सगळी वायरिंग सोडवा आणि साधा, बिनविजेचा फोन थेट लावा. कॉर्डलेस फोन नको, त्याचा स्वतःचाच गोंधळ असतो. इथेही रेडिओ ऐकू आला तर दोष बाहेरच्या बाजूला आहे: डीपीमधला (लाइन वाटणाऱ्या बाहेरच्या पेटीतला) गंजलेला जोड, खांबावरून येणारी जुनी ड्रॉप वायर, किंवा दोन तारांपैकी एकीची जमिनीकडे होणारी गळती. गंजलेला जोड डायोडसारखा वागतो आणि रेडिओलहरीतून आवाज वेगळा काढतो. पावसाळ्यात त्रास वाढत असेल तर संशय आधी इथेच घ्यावा. बीएसएनएलची लाइन असेल तर १९८ वर तक्रार नोंदवा आणि लाइनमनला ‘रेडिओ येतो’ एवढंच सांगू नका. ‘एका तारेला अर्थ, म्हणजे जमिनीकडे गळती, दाखवतंय का बघा’ असं सांगा, म्हणजे तो मीटर लावून बघेल.

रोझेटवर लाइन स्वच्छ असेल तर आतली एकेक शाखा जोडत जा. पॅनेल जोडल्याबरोबर आवाज आला तर पॅनेलच्या आतलेच ट्रान्झिस्टर-डायोड रेडिओ उलगडत आहेत.

आवाज कसा आहे यावरूनही बरंच कळतं. स्पष्ट गाणी आणि बातम्या म्हणजे मध्यम लहरींचं (मिडियम वेव्हचं) केंद्र, वरच्या आकाशवाणी केंद्रांसारखं. तुटक, बदकासारखं बोलणं म्हणजे बहुधा जवळचा हौशी रेडिओवाला, म्हणजे हॅम. त्याच्याशी भांडायला जाऊ नका. तो परवानाधारक असतो आणि दोष सहसा पॅनेलच्या कच्च्या बचावाचा असतो. उलट त्याला थोडा वेळ प्रक्षेपण चालू-बंद करायला सांगा, तो आनंदाने करेल. टर्रर्र-टक-टक असा आवाज जवळच्या २जी मोबाइलचा. सलग गुणगुण विजेची, तिचा रेडिओशी संबंध नाही. आणि सतत सळसळ येत असेल, घरात जुनं ब्रॉडबँड असेल, तर स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी डबी) कुठे लावलाय ते आधी बघा.

फिल्टर आणि फेराइट

सर्वांत स्वस्त मार्ग हाच, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. लॅपटॉपच्या वायरीवरचा काळा मणी काढून फोनच्या वायरीवर बसवला की झालं, असं अनेकांना वाटतं. तो मणी साधारण वीस-तीस मेगाहर्ट्झच्या पुढच्या लहरींसाठी असतो. ०.७९ मेगाहर्ट्झवर, म्हणजे पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवर, एकदाच ओवलेल्या वायरीला त्याचा अडथळा नगण्य. मध्यम लहरींसाठी ७५ किंवा ७७ क्रमांकाच्या फेराइट मिश्रणाची कडी लागते, हॅमच्या ३ ते ३० मेगाहर्ट्झसाठी ३१ क्रमांकाची. आणि वायर कडीतून अनेक वेळा फिरवायची, कारण अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. एकाऐवजी आठ वेढे घेतले तर चौसष्ट पट.

दोन्ही तारा एकत्रच फिरवायच्या. मध्यम लहरी दोन्ही तारांवर सारख्याच येतात आणि पॅनेलमधून जमिनीकडे वाट शोधतात. तो समान प्रवाह अडवायचा असतो, बोलण्याचा नाही. म्हणूनच नुसता ब्रॉडबँडचा स्प्लिटर लावून फारसा फरक पडत नाही. तो दोन तारांमधला फरकाचा सिग्नल गाळतो, समान आलेल्यावर त्याचा ताबा नाही. चांगल्या टेलिफोन आरएफ फिल्टरमध्ये दोन्ही कामं असतात, विकत घेताना तेवढं विचारून घ्या.

जागा पॅनेलपासून वीतभर अंतराच्या आत, शक्यतो पॅनेलच्या लोखंडी पेटीतच. फिल्टर भिंतीपाशी लावला आणि पुढे चार मीटर वायर मोकळी सोडली, तर ते चार मीटर पुन्हा अँटेना. हॅमच्या १४ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी जेमतेम पाच मीटर असते. म्हणजे घरातली साधी वायर तिला अगदी बेतलेली.

एक सावधगिरी. लाइनवर एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड, असेल तर मोडेमकडे जाणाऱ्या शाखेवर असला फिल्टर लावू नका. एडीएसएल स्वतः १.१ मेगाहर्ट्झपर्यंत चालतं, म्हणजे बरोबर मध्यम लहरींच्या पट्ट्यात. आधी स्प्लिटर, मग त्याच्या फोनच्या बाजूला फिल्टर, मग पॅनेल, असा क्रम ठेवा. फिल्टर लावूनही खोटे अलार्म येत राहिले तर रेडिओ सेन्सरच्या किंवा सायरनच्या वायरीतून शिरतोय. त्यांनाही तसाच वेढा द्या. पॅनेलचं अर्थिंग मात्र कुणी सांगितलं तरी काढू नका.

वायरिंग बदलणं

जुन्या बंगल्यांत फोनची वायर म्हणजे दोन समांतर तारांची पट्टी. ती रेडिओ पकडायला उत्तम. पिळाच्या जोडीची वायर, म्हणजे लॅनची साधी कॅट-५ केबल, घातली तर बराच आवाज आपोआप मरतो. त्याहून मोठा फायदा, न वापरल्या जाणाऱ्या शाखा तोडण्याचा. वरच्या खोलीतला पंधरा वर्षांपूर्वी बंद झालेला एक्स्टेंशन अजून भिंतीत जोडलेला असतो आणि बिनकामाचा रेडिओ गोळा करत बसतो. घराचं रंगकाम निघालं असेल तर हे जरूर करून घ्या. नुसत्या रेडिओसाठी भिंती फोडायची मात्र गरज नाही.

लाइन सोडून सिम किंवा फायबर

फायबरची काच रेडिओ पकडत नाही, हे खरं. पण फायबरच्या डब्यातून पॅनेलपर्यंत पुन्हा तांब्याचीच वायर जाते. रेडिओ पॅनेलमध्येच उलगडत असेल तर तो फायबरनंतरही येईल, आणि पैसे खर्चून वर चिडचिड होईल. दुसरं, तांब्याच्या लाइनला ४८ व्होल्ट एक्स्चेंजकडून मिळतात, म्हणून वीज गेली तरी फोन चालतो. फायबरचा डबा बॅटरीशिवाय विजेबरोबर बंद पडतो. गावाकडच्या घराला, जिथे भारनियमन असतं, ही बाब छोटी नाही. तिसरं, फायबरवरचा फोन आवाज आकसून पाठवत असेल, म्हणजे जी.७२९ पद्धतीने, तर अलार्मचे सूर बिघडतात. जी.७११ असेल तर सहसा निभावतं.

सिमकार्डाचा डायलर घेताना २जी-वरच चालणारा घेऊ नका. जिओकडे २जी नाहीच, आणि इतर कंपन्यांचं २जी कायम राहील यावर विसंबून सुरक्षेची व्यवस्था उभी करू नये. अमेरिकेत एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी ३जी बंद केलं, तेव्हा त्यावरचे अलार्म बदलावे लागले. तिकडच्या मराठी घरांनाही हा अनुभव नवा नसेल. ४जी घ्या, अँटेना लोखंडी पेटीच्या बाहेर आणि पॅनेलच्या सर्किट बोर्डापासून लांब ठेवा, आणि सिमच्या रिचार्जची तारीख कुणाच्या तरी जबाबदारीवर टाका. मुदत संपलेलं सिम काही बोलत नाही.

कुणी काय निवडावं

रोझेटवरच आवाज येत असेल तर खिशातून काहीही घालू नका, आधी लाइनमन. पॅनेल जोडल्यावरच येत असेल आणि लाइन अजून काही वर्षं राहणार असेल तर योग्य मिश्रणाची कडी, दहा-बारा वेढे. वायर जुनी असेल तर तेवढा पट्टा कॅट-५ ने बदला. पॅनेल फार जुनं असेल, किंवा तुमच्या गल्लीतली तांब्याची लाइन काढली जाणार असेल, तर फिल्टरवर वेळ घालवू नका, ४जी डायलर घ्या. घरात वयस्कर माणसं एकटी राहत असतील तर लाइन आणि सिम दोन्ही ठेवणारं पॅनेल मला योग्य वाटतं, थोडं महाग पडलं तरी.

काहीही केलं तरी चाचणी संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी करा, प्रक्षेपण चालू असताना. नियंत्रण कक्षाला आधी कळवा, पॅनेलमधून चाचणी संदेश पाठवा, आणि तो पहिल्याच प्रयत्नात पोचला का ते त्यांना विचारा. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात पोचला तर एवढ्यावर थांबू नका, आणखी चार वेढे घाला.