ओएलईडी सांगून एलसीडी गळ्यात मारला

टीव्ही घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. मला ओएलईडी हवा होता. पदरात पडला एलसीडी, तोही ‘ओएलईडीच्या पुढचा’ म्हणून.

सेल्समनचं म्हणणं असं, की ओएलईडी आता जुनं झालं, त्यात बर्न-इन होतं, हल्ली सगळे क्यूएलईडीच नेतात. पॅनेल त्याच जातीचं आणि काळा रंग तर डिट्टो तसाच. बर्न-इनचं खरं आहे. चॅनेलचा लोगो वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात राहिला तर ओएलईडीवर त्याचा डाग उमटू शकतो. एक खरी गोष्ट आधी सांगायची आणि तिच्या आडून खोटं खपवायचं, यात हे लोक पटाईत.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळं म्हणजे तिथे उजेडच नाही. क्यूएलईडी नावाने सर्रास विकले जातात ते मात्र एलसीडीच: मागे निळे एलईडी, त्यावर क्वांटम डॉटची, म्हणजे रंग शुद्ध करणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची फिल्म, पुढे लिक्विड क्रिस्टल. त्या फिल्मने रंग खुलतात, हे मान्य. पण मागचा दिवा चालूच राहतो आणि काळ्यातून उजेड झिरपतो. चांगल्या मिनी एलईडी सेटमध्ये बॅकलाइटचे, म्हणजे मागच्या उजेडाचे, शेकडो झोन असतात, ते गरजेप्रमाणे मंद होतात. माझ्या सेटमध्ये झोन नावालाही नाहीत. दिवे फक्त खालच्या कडेला.

रात्री खोलीत अंधार करून सिनेमा लावला. शेवटी काळ्यावर पांढरी नावं सरकू लागली. काळं कसलं, धुरकट राखाडी! खालून एक दुधाळ पट्टा वर चढलेला आणि दोन्ही कोपऱ्यांत उजेडाचे धब्बे. दुकानात हे दिसणारच नव्हतं. तिथे डोक्यावर लख्ख दिवे, सेट डेमो मोडवर, ब्राइटनेस शेवटपर्यंत चढवलेला आणि पडद्यावर पोपट, फुलं, रंगांचे फवारे. अंधारं दृश्य औषधालाही नाही.

मग माहितीपत्रक खोदलं. खोक्यावरचा ‘मोशन १२०’ ही सॉफ्टवेअरची करामत, पॅनेल ६० हर्ट्झचंच, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणारं. एचडीआर, म्हणजे उजळ-गडद छटांचा जास्त मोठा पल्ला असलेला सिग्नल सेट घेतो, पण तो दाखवायला लागणारी ब्राइटनेस त्याच्याकडे नाही. पॅनेल आयपीएस या प्रकारचं एलसीडी, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग टिकतात, पण कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण १०००:१. एलसीडीच्याच दुसऱ्या प्रकाराला, व्हीए पॅनेलला, तो ३०००:१ च्या पुढे असतो. ते बाजूने फिकं पडतं, एवढंच.

सर्व्हिसवाला आला, फोटो काढले आणि ‘पॅनेलमध्ये डिफेक्ट नाही’ असा शेरा मारून गेला. त्याचं चुकलं नाही. सेट बिघडलेला नाहीच, सांगितला त्यापेक्षा वेगळा आहे. आणि काय सांगितलं होतं याचा पुरावा शून्य, कारण बिलावर फक्त मॉडेल नंबर. दुकानदार म्हणतो, ‘असं आमच्याकडे कोण बोललं?’ बोलणारा सेल्समन म्हणे नोकरी सोडून गेला.

पॅनेलचा प्रकार, बॅकलाइट कडेचा की पूर्ण मागे, मूळ रिफ्रेश रेट (हर्ट्झचा आकडा) किती, हे तिन्ही बिलावर लिहून घ्या. नाही म्हणाला तर सरळ बाहेर पडा. पेन ड्राइव्हवर एक पूर्ण काळं चित्र न्या, मधोमध छोटा पांढरा ठिपका ठेवा, डेमो मोड काढून होम मोड लावायला सांगा आणि जमेल तेवढे दिवे बंद करून बघा. आणि हे सगळं घ्यायच्या आकाराच्याच सेटवर करा. एकाच सीरिजमध्ये ४३ इंचाला एक पॅनेल आणि ५५ इंचाला दुसरंच, असं होऊ शकतं.